अंदाजे वय

माझी नात नागपूरला आहारतज्ज्ञ आहे. दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळात तिचं व्याख्यान होतं आणि तिनं मला हट्टानं पहिल्या रांगेत बसवलं. विषय होता अँटीऑक्सिडंट आणि म्हातारपण. मला वाटलं, झोप लागेल. पण पोरीनं सुरुवातच अशी केली की सगळे सरसावून बसले. तिनं एक वांगं उभं चिरलं, एका फोडीवर लिंबू पिळलं, दुसरी तशीच ठेवली आणि दोन्ही बशीत ठेवून बोलायला लागली. बोलणं संपेस्तोवर साधी फोड काळी पडली होती आणि लिंबाची पांढरी होती.

ती म्हणाली, श्वास घेतला, अन्न पचवलं की शरीरात काही मोकाट कण तयार होतातच. ते पेशींना ओरबाडत राहतात. धूर, डांबर, विडी, उन्हाचा मारा यांनी ते वाढतात. आवळा, लिंबू, हिरव्या आणि लाल पालेभाज्या यांतली द्रव्यं त्यांना आवरतात, म्हणून त्यांना अँटीऑक्सिडंट म्हणायचं. पण बाजारातल्या गोळ्या खाऊन वय मागे जातं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, ताटात भाजी वाढून घ्या. मग तिनं पडद्यावर एक चित्र दाखवलं. सुजलेल्या, जांभळ्या पडलेल्या हिरड्या, त्यांतून झिरपणारं रक्त. म्हणाली, ‘सी’ जीवनसत्त्व महिनोन्‌महिने मिळालं नाही की असं होतं, माणूस आहे त्याहून वीस वर्षांनी म्हातारा दिसायला लागतो.

आणि मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “हे माझे आजोबा. पंच्याऐंशी पूर्ण. सव्वीस दात स्वतःचे आहेत!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका गृहस्थांनी विचारलं, “रहस्य काय, साहेब?” मी उभा राहिलो आणि म्हणालो, “पालेभाज्या.” पुन्हा टाळ्या. मी खाली बसलो. पडद्यावरच्या त्या हिरड्या मी साठ वर्षांपूर्वी एका जिवंत माणसाच्या तोंडात पाहिल्या होत्या, आणि त्या पाहून मी काय केलं होतं ते त्या सभागृहात फक्त मला ठाऊक होतं.

आम्ही मूळचे नागपूरकडचे. वडील रेल्वेत पॉइंट्समन, त्यामुळे दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. मॅट्रिक झालो आणि भिलाईत कारखाना उभा राहायला लागला. दुर्गपासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर रोज नवा माणूस उतरत होता. पंजाबी, मद्रासी, बंगाली, रशियन सगळे. मला एका ठेकेदाराच्या मजूर कार्यालयात टाइमकीपरची जागा मिळाली. पत्र्याची शेड, एक टेबल, आणि बाहेर डोक्यावर पागोटं किंवा गमछा बांधून उभी असलेली माणसांची ओळ. प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गाव, आणि ‘अंदाजे वय’ एवढं मी रजिस्टरात लिहायचं.

वय कुणालाच सांगता येत नसे. माझं तरी कुठं खरं होतं? शाळेत घालताना वडिलांनी दोन वर्षं कमी सांगितली होती, पुढे नोकरी दोन वर्षं जास्त करता यावी म्हणून. पण मी नवीन होतो आणि काम नीट करायची मोठी हौस होती. तोंड पाहून आकडा टाकणं मला पटत नसे.

पहिल्याच आठवड्यात तो माणूस आला. ज्या जमिनीवर कारखाना उभा राहत होता त्यातच त्याचं गाव गेलं होतं. सोबत त्याची बायको होती, तिलाही माती वाहायचं काम हवं होतं. मी वय विचारलं तेव्हा तो हसला. सगळे दात दिसले, तांदळासारखे पांढरे.

“लिख दे बाबू, जउन तोर मन लागे.” तुला वाटेल ते लिही, असं म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, तसं नाही चालणार. तुझ्या गावचा तलाव कधी फुटला होता? त्या वर्षी तू चालत होतास का? थोरल्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा तू केवढा होतास? त्याला काही सांगता येईना, पण त्याची बायको पक्की होती. ती बोटांवर मोजत गेली. तलाव फुटला तेव्हा हा कडेवर होता, असं हिची सासू सांगायची. बहिणीच्या लग्नात यानं वरातीपुढे बैल हाकला. दोघांचं लग्न लागलं तेव्हा हा बारा-तेराचा. पहिलं मूल गेलं, दुसरं जगलं, ते आता सात पावसाळ्यांचं. मागची ओळ कुरकुरायला लागली तरी मी मोजत राहिलो. शेवटी दोघांनी आणि मी मिळून बत्तीस काढले.

“बत्तीस? अतका?” तो म्हणाला. एवढं वय आपल्याजवळ जमलं आहे याचा त्याला आनंदच झाला. मी बत्तीसचा आकडा मोठ्या अक्षरात लिहिला आणि खाली रेघ मारली. त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलंसुद्धा, की आज मी एका माणसाचं खरं वय शोधून काढलं. आई म्हणाली, “बरं केलं. कोणी तरी त्याले विचारलं.”

त्याला डांबराच्या भट्टीवर लावलं. रस्त्यांना आणि छपरांना डांबर लागायचं. पिंपं फोडून, कढईत वितळवून, ढवळून द्यायचं. चेहरा दिवसभर त्या धुरावर. दोन पाळ्या एकामागून एक करणारे बरेच असत, तोही करायचा. बायको माती वाहायची. राहायला खुर्सीपारच्या बाजूला तट्ट्याची झोपडी.

मी त्यांचं जेवण रोज बघायचो, कारण ते आमच्या शेडच्या सावलीत बसून जेवत. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवलेला, ज्याला ते बासी म्हणतात, त्यावर मीठ आणि एक मिरची. पहिल्या वर्षी सोबत काहीतरी काळपट चुरा असायचा. मी विचारलं तर बायको म्हणाली, गावच्या घरामागची बारी मोडायच्या आधी जेवढी भाजी होती तेवढी वाळवून आणली आहे. बारी म्हणजे परसातला भाजीचा तुकडा. तिथं काय काय व्हायचं ते ती सांगत बसायची. चेच, अमारी, लाल भाजी, शेवग्याचा पाला, करमत्ता. पावसाळ्यात तर न पेरता उगवायची. आवळ्याचं झाड घराच्या कोपऱ्यावर होतं. आता आजूबाजूला फक्त मुरूम, खडी आणि ट्रॅक्टरांचे माग. बाजार लांब होता आणि दोघांना उजेडात सुट्टी नसे. पहिला हिवाळा संपायच्या आत तो चुरा संपला. मग नुसतं मीठ आणि मिरची, आणि वरून विडी.

माझ्या डब्यात रोज पालेभाजी असायची. आई क्वार्टरच्या मागे मेथी, चुका, अंबाडी लावायची. मला ती आवडत नसे. कितीतरी वेळा मी डब्यातली भाजी शेडमागे टाकून दिली आहे, तीसुद्धा त्या दोघांपासून वीस पावलांवर. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं मनातदेखील आलं नाही.

दोन-अडीच वर्षांत तो माणूस डोळ्यांदेखत म्हातारा झाला. कातडी चामड्यासारखी, डोळ्यांभोवती सुरकुत्या, केस पांढरट, गुडघे धरून उठणं. पुढचे दात हलायला लागले, मग दोन गेले. अंगावर न मारता निळे डाग पडत. भट्टीवरची पोरं त्याला ‘डोकरा’ म्हणायला लागली, म्हणजे म्हातारबा. हळूहळू मीही म्हणायला लागलो. “ए डोकरा, हाजरी!” तो यायचा. हसायचा तेव्हा आता तोंडावर गमछा धरायचा.

मग आमच्या ठेकेदाराचं काम संपत आलं. त्याच्याकडच्या चांगल्या मजुरांची यादी करून पक्क्या कामासाठी पाठवायची असं ठरलं. पक्कं काम म्हणजे क्वार्टर, पोरांना शाळा, दवाखाना. त्या यादीत नाव यावं म्हणून माणसं देवाला नवस बोलत होती. आणि आम्हां बाबू लोकांपैकी दोघांची नावंही तशीच पुढे जाणार होती. कोणाची, ते आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, ठरवणार होते.

वयाची अट होती, चाळिशीपुढचा चालणार नव्हता. जुनं रजिस्टर पावसात शेड गळून भिजलं होतं, पानं चिकटून शाई पसरली होती. बडे बाबूंनी नवीन यादी माझ्यासमोर टाकली.

“नाम बहुत ज़्यादा हैं. आधे काटने हैं. उमर देखकर लिखो.”

मी विचारलं, “पूछकर नहीं?”

“देखकर,” ते म्हणाले.

मी देखकर लिहिलं. ओळ समोरून जात होती आणि मी मान वर करून आकडे टाकत होतो. अठ्ठेचाळीस. पस्तीस. बावन्न. तो समोर आला तेव्हा मी थांबलो नाही. पन्नास लिहिलं. मी विसरलो होतो असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मला ते पान आठवत होतं, ती रेघसुद्धा आठवत होती. बत्तीस आणि अडीच, म्हणजे पस्तिशीसुद्धा नाही. आकडा टाकताना माझ्या मनात एवढंच आलं की याला पस्तीस लिहिलं तर बडे बाबू म्हणतील, तुझे डोळे फुटले आहेत का.

यादी लागली, त्यात त्याचं नाव नव्हतं. कोणीतरी त्याला वाचून दाखवलं असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी तो शेडमध्ये आला आणि माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. कॅम्पच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा एक बंगाली डॉक्टरीणबाई यायच्या, त्यांची ती चिठ्ठी होती, इंग्रजीत. बाईंनी लिहिलं होतं की हा इसम म्हातारा नाही, तिशीतला आहे. हिरड्या आणि कातडीची अवस्था ताज्या अन्नाच्या कमतरतेमुळे आहे. रोज आवळा किंवा लिंबू आणि हिरवी भाजी मिळाली, धुरापासून दूर ठेवलं, तर महिना-दीड महिन्यात फरक दिसेल. दात गेले ते गेले, बाकी माणूस कामाला उत्तम आहे.

“बड़े बाबू ला दे देबे,” तो म्हणाला. मग बाईंनी काय तपासलं ते दाखवायला त्यानं गमछा बाजूला केला आणि ओठ वर उचलला. हिरड्या जांभळ्या, स्पंजासारख्या फुगलेल्या. मी मान वळवली. म्हटलं, “देतो.”

बडे बाबू आत होते. दहा पावलं चालायची होती. मी चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. चिठ्ठी दिली तर यादी पुन्हा उघडावी लागणार, मग ते विचारणार की पन्नास कोणी लिहिलं. त्या आठवड्यात माझं स्वतःचं नाव पुढे जाणार होतं. उद्या देऊ, असं मी मनाशी म्हणालो.

उद्या उजाडला तर तो थेट बडे बाबूंसमोरच उभा राहिला. बायकोही दाराशी होती. त्यानं हात जोडले नाहीत, साधेपणानं सांगितलं की माझं वय पन्नास नाही, या बाबूनंच मागे मोजून बत्तीस लिहिलं होतं, आणि डॉक्टरीणबाईंची चिठ्ठीही काल याच्याकडेच दिली आहे.

बडे बाबूंनी मला हाक मारली. “तुमने लिखा था?”

तो माझ्याकडे वळला. “सुरता कर बाबू. तहीं त लिखे रहे. आधा घंटा गिने रहे.” आठव बाबू, तूच लिहिलं होतंस, अर्धा तास मोजत होतास.

मी म्हणालो, “इतने लोग आते हैं, साहब. याद नहीं.”

“और डॉक्टर की कोई चिट्ठी?”

चिठ्ठी माझ्या खिशात होती. काल घातलेलाच शर्ट आज पुन्हा घातला होता. छातीशी तो कागद मला जाणवत होता.

“एक पर्ची लाया था,” मी म्हणालो. “दवाई की थी.”

बडे बाबूंनी हात हलवला. बायको दाराशी काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला. रागानं नाही. एखादं अक्षर लागत नसलं की माणूस कसा कागद डोळ्यांजवळ धरतो, तसं. मग दोघं गेले.

रविवारी सकाळी आई मोरीत कपडे धूत होती. तिनं आवाज दिला. “खिशात कागद होता का रे? पाहा, लगदा झाला.”

“काई नाही, जुनी चिठ्ठी होती,” मी म्हणालो.

“कामाची होती?”

“नाही.”

दहा वाजता दाराशी आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. तो आणि त्याची बायको. खुर्सीपारपासून दुर्गपर्यंत चालत आले होते, विचारत विचारत रेल्वे क्वार्टर शोधलं होतं. बायकोच्या डोक्यावर टोपली. मी आतल्या खोलीत गेलो आणि आईला खुणेनं सांगितलं, मी घरी नाही म्हण.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग बाहेर गेली. तिला छत्तीसगढी चांगली यायची. तिनं त्यांना बसवलं, पाणी दिलं. मी दाराआड उभा राहून सगळं ऐकत होतो. बायकोनं टोपली पुढे केली. माहेरच्या गावाहून आवळे आणले होते. ती म्हणत होती, बाबू फार चांगला आहे, त्यानं पहिल्यांदा याचं वय विचारलं होतं, त्याला आठवत नाही हे खरं असेल, पण आठवायला थोडा वेळ दिला तर आठवेल. यादी जायला अजून दोन दिवस आहेत.

 आईनं त्याला विचारलं, “तोंडाला काय झालं?” त्यानं सांगितलं असावं, किंवा दाखवलं असावं. आई म्हणाली, “अगं माय!” नंतर ती त्याच्या बायकोला सांगत होती, की यातले दोन आवळे रोज यालाच दे, लेकराबाळांना पण दे, आमच्याकडे कशाला आणले. ती बायको ऐकेना. घराला काही न देता जाणार नाही म्हणाली. अर्धे आवळे ठेवून गेली.

ते गेल्यावर मी बाहेर आलो. आई दारातच उभी होती.

“गेले?”

“गेले,” आई म्हणाली. “तुझी सायकल पायरीशी उभी आहे. त्यायले दिसत नसंल का?”

मी सायकल उचलून आत घेतली.

“कावून लपला तू?”

मी म्हणालो, माझंही नाव जाऊन राहिलं यादीत, तुले काय माहीत ऑफिसात काय असते.  संध्याकाळी तिनं आवळे उकडले, मीठ लावून बरणीत भरले. ती बरणी महिनाभर ताटाशी यायची आणि मी हात लावायचो नाही. आई आग्रह करायची नाही. रोज ठेवायची, रोज उचलायची.

यादी गेली. माझं नाव लागलं. मला पक्की नोकरी मिळाली, पुढे सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं, लग्न झालं. तो माणूस झोपडी मोडून कुठंतरी गेला. भट्टीवरच्या पोरांनी सांगितलं, सासुरवाडीच्या गावाला, शिवनाथ नदीच्या काठी.

सहा-सात वर्षांनी, हिवाळ्यातल्या एका सकाळी मी आईला भेटायला दुर्गला गेलो होतो. वडील निवृत्त होऊन मोहन नगरात राहायला गेले होते. आईनं भाजी आणायला पाठवलं. बाजारात एका बाजूला गावाकडचे लोक पोतं पसरून बसतात. एका पोत्यावर लाल भाजी, चेच, अमारी, मुळ्याचा पाला, आणि एक आवळ्यांचा ढीग होता. मागे एक माणूस बसला होता, काटक, तुकतुकीत, केस अर्धे पांढरे पण चेहरा तरतरीत. मी जुडी उचलली. तो म्हणाला, “बने हस बाबू?” बरा आहेस ना.

समोरचे चार दात नव्हते. बाकी हिरड्या लालसर, घट्ट. मी पाहतच राहिलो. हा माणूस सात वर्षांपूर्वीपेक्षा लहान दिसत होता. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं तसंच झालं होतं. धूर सुटला होता, रोज ताटात हिरवं होतं, आणि शरीरानं जेवढं परत घेता येईल तेवढं घेतलं होतं.

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. त्या चिठ्ठीपेक्षा, लपण्यापेक्षा जास्त. मी तिथं उभा राहून मनात म्हणालो, बघ, बरंच झालं की. यादीत नाव लागलं असतं तर हा त्या धुरातच मेला असता. मी याचं भलंच केलं. एका क्षणात मी माझ्या खोटेपणाचं पुण्य करून टाकलं. तोंडानंही म्हणालो, “अच्छा हुआ, गांव चले गए. तबीयत बन गई.”

त्यानं मान हलवली. मग शांतपणे सांगितलं. तब्येत बनली. पण जमीन सासऱ्याची आहे, मेहुण्यांची आहे, तुकडा नदीच्या पुरात जातो. मधली मुलगी तापानं गेली, दवाखाना गावापासून लांब होता. थोरला, ज्याला तू सात पावसाळ्यांचा म्हणून मोजलं होतंस, तो शाळेत गेला नाही. आता खाणीवर गिट्टी फोडतो. “क्वार्टर मिले रहितिस त पढ़ लेतिस,” तो म्हणाला. क्वार्टर मिळालं असतं तर शिकला असता.

जुडी माझ्या हातात होती. मी म्हणालो, “मुझे याद था. उस दिन भी याद था.”

“जानत रहेंव,” तो म्हणाला. “तोर मुंह ला देख के ओही दिन जान गे रहेंव.” मला माहीत होतं, तुझं तोंड पाहून त्याच दिवशी कळलं होतं.

मी घाईघाईनं बोलायला लागलो. की आता मी पक्का आहे, ओळखी आहेत, पोराला माझ्याकडे पाठव, हेल्परच्या जागा निघणार आहेत, मी स्वतः अर्ज भरून देतो.

त्यानं पाण्यात हात बुडवून भाजीवर शिंपडलं. मग विचारलं, “अउ ओखर उमर कोन लिखही?” आणि त्याचं वय कोण लिहील?

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.  मागून एक बाई पुढे झाली, तिला अमारी हवी होती, आणि तो तिच्याकडे वळला.

मी भाजी घेऊन घरी गेलो. आईनं विचारलं, एवढा वेळ कुठं होता. त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं, रजिस्टरातली रेघ, खिशातली चिठ्ठी, बाजारात मनात आलेला तो विचारसुद्धा. ती भाजी निवडत ऐकत होती. मधे एकदा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. शेवटी म्हणाली, “पोराचं नाव विचारलं का तू?”

मी विचारलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी पुन्हा बाजारात गेलो, त्याच्या पुढच्याही. त्याच्या जागेवर एक म्हातारी बसत होती. ती म्हणाली, कधी येतो, कधी नाही. महिनाभर गेलो. मग माझी पाळी बदलली, रविवारची सुट्टी मिळेनाशी झाली, आणि मी जाणं सोडलं. शिवनाथकाठचं ते गाव माझ्या क्वार्टरपासून सायकलनं फार तर दीड-दोन तासांवर असेल. मी कधीच गेलो नाही.